कासार आळीतली शांतता

एकदा एक आचार्य आपल्या शिष्याच्या कानात कापसाचे बोळे घालायला निघाले, असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल. शिष्यालाही आले होते.

हे आचार्य संगणकाची विद्या शिकवीत. डोंगरपायथ्याच्या एका नगरात त्यांचे घर होते आणि तीच पाठशाळा. शिष्य बुद्धीने तल्लख, हाताने नेटका, आणि आपण तल्लख आहोत हे जरा जास्तच ठाऊक असलेला. त्याने एक अ‍ॅप रचले होते. घरच्या माणसाने त्यात बोलून ठेवावे आणि ते माणूस गेल्यावर मागच्यांनी त्याला पाहावे, ऐकावे. अ‍ॅप कोणत्याही फोनवर उघडे. आवाज मात्र शिष्याने स्वतःच्या गुप्त रचनेत बांधला होता, आणि ती सोडवण्याची रीत एकाच फोनविक्या व्यापाऱ्याला दिली होती. बाकीच्या फोनांवर चेहरा दिसे, ओठ हलत, आवाज येत नसे. ‘या फोनवर आवाज उघडत नाही’ एवढी सूचना तरी दाखवावी? पडद्याची शोभा जाते म्हणून शिष्याने तीही गाळली.

व्यापारी बेहद्द खूश होता. “दुसरा फोन घेतला की लोक चडफडतील आणि आपल्याच दुकानात परत येतील,” तो म्हणाला. कासार आळीत त्याने हे अ‍ॅप नमुन्यादाखल वाटून पाहिले होते. आता त्याला ते देशभर न्यायचे होते. करारावर शिष्याची सही तेवढी बाकी होती. ती झाली की रचना कायमची व्यापाऱ्याच्या तिजोरीत. शिष्य आशीर्वाद मागायला आला, तेव्हा आचार्यांनी कापूस पुढे केला.

“हा कानात घाल आणि कासार आळीत चल.”

“कापूस कशाला, गुरुजी?”

“घाल तर खरा.”

टळटळीत दुपार होती. आळी माणसांनी भरलेली होती. एका ओसरीवर एक म्हातारी बसली होती आणि तिच्यासमोर भिंतीला टेकवलेला फोन होता. त्यात एका तरण्या बाईचा चेहरा ओठ हलवीत होता. तो थांबला की म्हातारीचे ओठ हलत. समोरच्या खिडकीत एक गृहस्थ तसेच बसले होते. पायरीवर दोन जावा एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या, एकीने दुसरीला टाळीही दिली. शिष्याला वाटले, कापूस भलताच दाट आहे.

आचार्यांनी खूण केली, काढ. शिष्याने दोन्ही बोळे काढले.

काहीच बदलले नाही. जावांचे ओठ हलत होते. गृहस्थ मान डोलावीत होते. दूर कुठेतरी कावळा ओरडला, म्हणून त्याला कळले की आपले कान शाबूत आहेत. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. धीर करून तो म्हातारीपाशी गेला.

“आजी, तुम्ही आवाज का काढत नाही?”

तिने ओठांवर बोट ठेवले. मग घसा खरवडत, कुजबुजत म्हणाली, “हळू रे बाबा. ही माझी कुमुद. फोन बदलला तेव्हापासनं अशीच बोलते. गेलेल्या माणसांना आवाज सोसत नसणार. मग आपणच कशाला ओरडायचं? शिकले मी तिच्यासारखं. आता साऱ्या आळीला येतं.”

“तिचा आवाज आहे, आजी. आतच आहे.”

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिले. “कसा होता रे? मला आता आठवत नाही.”

शिष्य मागे फिरला. आळीच्या तोंडाशी येऊन तो रस्त्यातच बसला आणि रडू लागला. आचार्य त्याच्याशेजारी बसले.

“व्यापारी म्हणाला, लोक चडफडतील,” ते म्हणाले. “चडफडायला आधी कळावं लागतं की आपलं काही अडवून ठेवलंय. तू पडदा इतका देखणा केलास की त्यांना तुझा दोष दिसलाच नाही. यंत्र बिघडलंय असं वाटलं तर माणूस यंत्र बदलतो. यंत्र असंच असतं असं वाटलं, की तो स्वतः बदलतो. जी रीत सर्वांना ठाऊक असते, ती कुणीतरी सांभाळतं, दुरुस्त करतं. तुझी रीत तिजोरीत गेली, की या आळीसारखं सारं जग व्हायला कितीसा वेळ?”

शिष्याने सही केली नाही. त्याने आपल्या रचनेची सारी रीत सोप्या शब्दांत लिहून जगापुढे खुली ठेवली. व्यापाऱ्याने आकाशपाताळ एक केले. पण कुठल्याशा परगावच्या, शिष्याने कधी न पाहिलेल्या एका मुलीने ती रीत वाचली आणि इतर फोनांवर आवाज उघडेल अशी सोय करून पाठवली.

शिष्य तडक कासार आळीत गेला. त्याने म्हातारीच्या फोनवर ती सोय चढवली आणि फोन पुन्हा भिंतीला टेकवला. चेहरा हलला. किंचित घोगरा, घाईतला आवाज आला, “बोलून ठेव म्हणे! काय बोलू आता? आई, दुधावर झाकण ठेवलंस का? मांजर आलंय बघ.”

म्हातारीचे ओठ सवयीने नुसतेच हलले. मग तिने छातीवर हात दाबला.

“ठेवलंय गं!” ती इतक्या मोठ्याने ओरडली की आळीतल्या सगळ्या माना वळल्या.