रिता रांजण

एका गावाच्या टोकाला, जिथून डोंगराकडची वाट फुटते, तिथे एक कुंभार आणि त्याची कुंभारीण राहत होती. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना होती.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. दरवर्षी आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजून जो पहिला रांजण निघेल, तो विकायचा नाही. तो डोंगरवाटेच्या फाट्यावर चिंचेखाली ठेवायचा आणि उन्हाळाभर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रोज भरायचा. भरायचं काम कुंभारणीचं. पाणी ओतताना ती नेहमी एकच गाणं म्हणायची:

भरला रांजण कुणाचा?
वाटेने येईल त्याचा.
रिता रांजण कुणाचा?
ज्याने भरला त्याचा.

कुंभाराने एकदा विचारलं होतं, "याचा अर्थ काय गं?"

"चार दिवस तुम्ही भरा, मग कळेल," ती म्हणाली आणि हसली. त्याला चाकावरून उठायला सवड नव्हती. अर्थ विचारायचा राहून गेला.

मग एका चैत्रात ती थोडे दिवस आजारी पडली आणि गेली.

त्या वर्षीच्या रांजणाचा काठ तिनेच ओल्या मातीत सारखा केला होता. काठावर तिच्या बोटांचे ठसे राहिले होते. कुंभार आता स्वतः पाणी भरू लागला. पहाटे रांजण भरायचा आणि अंधार पडता पडता बघायला जायचा. रांजण रिता असायचा. वाटेवर कुणी नसायचं. कोण आलं, कोण प्यायलं, काहीच कळायचं नाही.

रिकाम्या रांजणापाशी बसून तो गाणं आठवायचा. त्याला वाटलं, आता अर्थ कळला. भरलेलं सगळं लोकांचं, आणि भरणाऱ्याच्या वाट्याला रितेपण. बायको हे हसत म्हणायची, म्हणून ते खोटं थोडंच होतं?

एका संध्याकाळी त्याने ठरवलं, एवढा एक रांजण तरी भरलेला राहू दे. चुंबळ करून त्याने तो डोक्यावर घेतला, घरी आणला, काठोकाठ भरला आणि तिच्या चुलीजवळ ठेवला.

शेजारीण डोकावली. "हे काय भावजी, रांजणाला घरात घेतलंत? सोबतीला का?"

"असू दे," कुंभार म्हणाला.

रांजण भरलेलाच राहिला. कुंभार आपल्या जेवणापुरतं पाणी घागरीतून घ्यायचा, रांजणाला हात लावायचा नाही. येता-जाता काठावरच्या ठशांवर बोट ठेवायचा. काही दिवसांनी पाण्यावर तवंग धरला. मग वास यायला लागला. घरात डास झाले. शेजारणीने डोकावणंही सोडलं. भरलेल्या रांजणाशेजारी त्याला पूर्वीपेक्षा जास्तच एकटं वाटू लागलं.

अशाच एका भर दुपारी दारात एक मोळीवाली उभी राहिली. ओठ सुकलेले, पाय धुळीने पांढरे.

"बाबा, फाट्यावरचा रांजण फुटला का?"

"नाही. घरी आणलाय."

"आम्ही रानातून त्याच्याच भरवशावर निघालो. सासू चिंचेखाली बसलीय. तिच्याने पाऊल उचलवत नाही. तेवढं पाणी द्या."

कुंभाराने रांजणाकडे पाहिलं. काठोकाठ भरला होता, आणि त्यातला एक घोटही कुणाला देण्यासारखा नव्हता. तो घागर उचलून विहिरीवर गेला, भरली, आणि त्या उन्हात मोळीवालीच्या पुढे पुढे चालत सुटला.

म्हातारी खोडाला टेकून पडली होती. डोळे अर्धे मिटलेले. सुनेने तोंडावर पाणी मारलं, मग ओंजळीने थोडं थोडं पाजलं. बऱ्याच वेळाने म्हातारीने डोळे उघडले.

"ती पहाटे गाणारी बाई नाही आली?" तिने विचारलं.

"ती आता नाही," कुंभार म्हणाला.

म्हातारी म्हणाली, "मी हळू चालते. सगळ्यांच्या मागून पोचते. तळाशी ओंजळभर उरलेलं असायचं, ते माझं. रांजण रिता करून मी रोज त्यात तोंड घालून म्हणायची, 'तहान गेली गं बाई.' तिच्यापर्यंत पोचत होतं का, देव जाणे."

कुंभार खाली बसला. रोज संध्याकाळी तो ज्या रितेपणाजवळ बसायचा, त्यात एवढं बोलणं होतं, आणि त्याला ऐकू आलं नव्हतं.

घरी जाऊन त्याने रांजणातलं ते शिळं पाणी अंगणात ओतलं. रांजण आतून राखेने घासला, ठशांवरून हात जपून फिरवला, आणि तो परत चिंचेखाली नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने तो भरला. गाणं म्हणायचा प्रयत्न केला, पण पहिल्या ओळीवरच थांबला. संध्याकाळी गेला तेव्हा वाटेवर नेहमीसारखंच कुणी नव्हतं. रांजण रिता होता. त्याने वाकून आत तोंड घातलं आणि हळूच विचारलं, "रिता रांजण कुणाचा?"

त्याचाच आवाज घुमून वर आला. घरी तर एवढी साद देणारंही कुणी नव्हतं. तो ऐकत बसला, मग उठून घराकडे चालू लागला. सकाळी परत यायचं होतं.

तात्पर्य एवढंच: आपलं म्हणून भरून ठेवलेलं शिळं होतं, कुणाच्या तहानेपायी रितं झालेलंच खरं आपलं असतं, मग पिणारा आपल्याला दिसो वा न दिसो.