एकेचाळीस पुतळे आणि गवत कापायची गाडी

“सात दिवस झाले! अजून एक गाडी निवडता येत नाही तुम्हाला?” टेकाडगडचे रणधीरराव महाराज कडाडले आणि दरबाराची पाचावर धारण बसली.

भानगड होती गवताची. राजवाड्यापुढे वीस एकरांची हिरवळ होती. म्हादबा माळी आणि त्याची मुलगी ठकू ती विळ्यानं कापत. या टोकाचं गवत कापून होईतो त्या टोकाचं गुडघ्याला लागे! मोबदला म्हणून बागेच्या कडेला एक खोपी आणि दोन म्हशींना पुरेल इतकं गवत. बापलेक सुखात होते. महाराज नव्हते. परवा व्याही यायचे होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवळ झरझर कापून दाखवायची होती. आणि हो, सांगायचं राहिलंच, हिरवळीवर महाराजांचे एकेचाळीस पुतळे होते. दर वाढदिवसाला एक! कुणी घोड्यावर, कुणी हत्तीवर, एक तर नुसताच विचारात पडलेला.

तीन व्यापारी तीन गाड्या घेऊन आले होते. “कशाला केसाइतकाही धक्का लागत नाही!” अशी तिघांचीही छातीठोक ग्वाही. माणसानं वर बसायचं, गाडी चालवायची, खाली पाती फिरतात आणि गवत कापलं जातं. इतकी साधी गोष्ट! पण दरबारात गेल्यावर कुठली गोष्ट साधी राहते?

“झुंबरशेठची घ्या! घोड्याच्या पुढे पळते!” सेनापती म्हणाले.

“छे! केवलशेठची! गादी मखमलीची, शिवाय सरबताचा पेला ठेवायला जागा!” दिवाणजी म्हणाले.

तिसरी गाडी हिरामणशेठची. तिला ना मखमल, ना पेल्याची जागा. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहीना. एकदा चालवून बघावं म्हटलं तर महाराजांचा हट्ट आडवा! “व्याही येईपर्यंत माझ्या हिरवळीचं एक पातंही कापायचं नाही. न कापता निवडा!”

“न कापता कशी निवडायची?” दिवाणजी पुटपुटले.

“पगार घेताना विचारता का असं?” महाराजांनी ऐकलंच.

दाराशी म्हादबा आणि ठकू फुलांच्या परड्या घेऊन उभे होते. ठकूला हसू आवरेना. बापानं चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता.

“कोण हसलं?”

“मी, महाराज. ठकू. म्हादबा माळ्याची.”

“हसायला काय झालं?”

“कापायचंय गवत, आणि चर्चा चाललीय गादीची!”

“अस्सं! मग तूच निवड. उद्या दुपारपर्यंत. बरोबर निवडलीस तर गाडी तू चालवायचीस. चुकलीस तर बापाला आणि म्हशींना घेऊन खोपी रिकामी करायची!”

म्हादबाच्या तोंडचं पाणी पळालं. “काय केलंस हे पोरी? आता जायचं कुठं? त्या मुक्या जनावरांना घालू काय?”

“आबा, रडू नका. मला चार पोती रांगोळी आणून द्या.”

दुसऱ्या दिवशी राजवाड्याचा फरसबंद चौक पांढराशुभ्र झाला होता. बापलेकींनी चाळणीनं रांगोळी भुरभुरून ठेवली होती. गाड्यांची पाती काढून बाजूला मांडली होती.

“हे काय? कुणाचं लग्न आहे?” महाराजांनी विचारलं.

“लग्न नाही महाराज, ही हिरवळच समजा. गाडीखाली जिथली रांगोळी मोडेल तिथलं गवत कापलं! शेठजी, आपापली पगडी काढा आणि समोर ठेवा. तुमच्याच माणसानं तुमच्याच गाडीवरून तिला वळसा घालायचा. होईल तितक्या जवळून!”

“पगडीच कशाला? वीट ठेवू की!” झुंबरशेठ गडबडले.

“कालच म्हणालात ना, केसाइतकाही धक्का लागत नाही!”

निघाली झुंबरशेठची गाडी. काय तो वेग! पण पगडीला आठ हात लांबून वळसा घालून आली. मधली रांगोळी होती तशीच.

“हे मधलं गवत कोण कापणार? आबाच ना, विळ्यानं? मग गाडी हवी कशाला?”

केवलशेठची गाडी जवळ गेली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. सात वेळा! रांगोळीचा पार विचका झाला आणि पगडी भुईसपाट.

“अहो, माझी पगडी!”

“पेल्याला जागा आहे, पण वळायला नाही!” ठकू म्हणाली. दिवाणजी दुसरीकडे बघू लागले.

मग हिरामणशेठची साधीसुधी गाडी निघाली. पगडीपाशी थांबली, उभ्या जागी भोवऱ्यासारखी गर्रकन फिरली, चार बोटं अंतर राखून वळसा घातला आणि परत आली. पगडीचा झुपकासुद्धा हलला नाही!

“ही घ्या, महाराज!”

“थांब!” महाराज इतक्यात ऐकतात होय! “सगळ्या दरबारानं वेग पाहिला, गादी पाहिली. तू नेमकं वळणंच का पाहिलंस?”

ठकूनं बापाकडे पाहिलं. खरं बोलावं तर खोपी जायची. न बोलावं तरी जायचीच.

“रागावणार नाही ना?”

“बोल!”

“महाराज, या बागेत सरळ जायला मिळतंच कुठं? दर दहा पावलांवर आपणच आडवे येता!”

सेनापती आपले जोडे न्याहाळू लागले. म्हादबानं डोळे मिटून घेतले. महाराजांनी वळून हिरवळीकडे पाहिलं. तिथून एकेचाळीस महाराज त्यांच्याकडे पाहत होते. मिशा थरथरल्या... आणि महाराज पोट धरधरून हसायला लागले.

“आडवा येतो! खरंय! राणीसाहेबही हेच म्हणतात! दिवाणजी, या पोरीला इनाम! हिचाही पुतळा बागेत बसवा!”

“नको हो महाराज!” ठकूनं कपाळावर हात मारला. “मग रोज मला माझ्याच पुतळ्याला वळसा घालावा लागेल!”

आता तर महाराजांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “मग काय हवं ते माग!”

“खोपी आबांच्या नावावर करा. आणि कापलेलं सगळं गवत आमच्या म्हशींना.”

“दिलं! आणि वर हे सोन्याचं कडं!”

ठकूनं व्याह्यांसमोर एकेचाळीस वळसे असे घातले की व्याही बघतच राहिले. पुढच्या वाढदिवशी दिवाणजींनी दबकत विचारलं, “महाराज, बेचाळिसावा पुतळा कुठे बसवायचा?”

“मला काय विचारता?” महाराज म्हणाले. “आधी ठकूला विचारा!”