भिंगरी खारीची शेंग गेली पोत्यात

एक होती खार. तिचं नाव भिंगरी. शेपूट झुबकेदार, पाठीवर पट्टे. बांधावरच्या चिंचेवर तिचं घर. घरात एक पिल्लू. कालच पिल्लाला दात आला. एवढुस्सा! पांढरा पांढरा!

"आई, दात शिवशिवतोय," पिल्लू म्हणालं. "काहीतरी कुरतडायला दे ना."

"थांब हं राजा," भिंगरी म्हणाली. "आज शेंगा काढल्यात. बांधावर रानाचा वाटा असेल. तुला शेंग आणते."

रानाचा वाटा म्हणजे काय, ठाऊक आहे? शेत हौसाकाकूचं. भुईमुगाच्या शेंगा काढल्या की काकू पहिली मूठ बांधावर ठेवते. चिमण्यांना, खारींना, मुंग्यांना. दर वर्षी ठेवते.

भिंगरी झाडावरून उतरली. सुर्र सुर्र! बांधावर आली. तुरुतुरु तुरुतुरु! आणि बघते तर काय? बांध रिकामा! शेंग नाही, साधं टरफलही नाही.

काय झालं होतं सांगू? टेम्पो आला, टेम्पो आला, अशी घाई उडाली होती. त्या घाईत रानाचा वाटासुद्धा पोत्यात गेला!

भिंगरीला रडूच आलं. पण रडून कधी शेंग मिळते का? नाही मिळत. म्हणून भिंगरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

पोतं टेम्पोत बसलं होतं. गलेलठ्ठ! तोंड सुतळीनं शिवलेलं.

"पोत्या पोत्या, माझी शेंग दे ना रे. पिल्लू माझं उपाशी!"

पोतं शिवल्या तोंडानं म्हणालं, "हुं हुं! मी उघडतं ते बाजारात. टेम्पो चालला, तर मी उघडेन."

भिंगरी टेम्पोच्या नाकावर जाऊन बसली. तुरुतुरु तुरुतुरु!

"टेम्पो टेम्पो, चाल ना रे. पोतं उघडेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी!"

टेम्पो म्हणाला, "खर्र खर्र... फुस्स! टाकी रिकामी. डिझेल तिकडे लांब, फाट्यावर. बैल आणायला गेला, तर मी चालेन."

शेजारी टेम्पोवाला यासीन बसला होता. डोक्याला हात, मांडीवर रिकामा डबा. बिचारा!

भिंगरी गोठ्यात गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"बैला बैला, डिझेल आणायला जा ना रे. टेम्पो चालेना, पोतं उघडेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी!"

बैल म्हणाला, "हम्मा! सकाळपासून छकडा ओढला. पोटात कावळे ओरडतायत. काकू उठली, पाला घातला, तर मी जाईन."

भिंगरी काकूकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु! काकू चुलीपाशी बसली होती. पदरानं वारा घेत.

"काकू काकू, ऊठ ना गं. बैल जाईना, टेम्पो चालेना, पोतं उघडेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी!"

काकू म्हणाली, "अगं माझे बाय! पहाटेपासनं शेंगा उपटल्या. हात चालंना, पाय चालंना, डोकं तर मुळीच चालंना. चूल पेटली, भाकरी खाल्ली, तर मी उठीन."

भिंगरी चुलीकडे वळली.

"चुली चुली, पेट ना गं. काकू उठेना, बैल जाईना, टेम्पो चालेना, पोतं उघडेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी!"

चूल म्हणाली, "कशी पेटू? माझ्या पोटात नुसती राख. चिंचेनं काटकी दिली, तर मी पेटेन."

भिंगरी चिंचेकडे गेली. तुरु... तुरु... तुरु... आता पाय दमले होते. मनात आलं, ही काय बरं मागेल?

"चिंचे चिंचे, काटकी दे ना गं. चूल पेटेना, काकू उठेना, बैल जाईना, टेम्पो चालेना, पोतं उघडेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी!"

चिंच सळसळली. सळसळ सळसळ! "घे की! ती बघ, खाली पडलीय वाळकी."

"आणि तुला काय हवं?"

"मला? काही नको. मी सकाळपासून ऊनच खातेय. पोट भरलंय माझं."

भिंगरी मनात मोजू लागली. चूल भुकेली. काकू भुकेली. बैल भुकेला. टेम्पोसुद्धा भुकेला! बाजारात जायचं शेंगेनं, आणि भूक लागली सगळ्यांना! भिंगरीला त्यांची कीव आली.

मग तिनं काटकी उचलली. एक नेली, परत आली. अजून एक नेली, परत आली.

काकूनं काडी ओढली. फर्र! चूल पेटली. भाकरी फुगली. टम्म! काकू जेवली. काकू उठली. काकूनं बैलाला शेंगांचा पाला घातला. बैलानं खाल्ला. कराम कराम! यासीननं छकडा जोडला. बैल गेला. खुळखुळ खुळखुळ! डिझेल घेऊन आला. टेम्पो प्याला. गट गट गट! आणि टेम्पो सुरू झाला. घर्र घर्र घर्र!

आता पोतं उघडणार! आता शेंग मिळणार! भिंगरी टपावर चढली.

तिनं पुढे बघितलं. रस्ता लांब... लांब... लांब. बाजार दिसेचना. तिनं मागे बघितलं. चिंच इथेच. पिल्लू इथेच.

"शेंग एवढ्या लांब जाणार? मग मी परत कधी येणार?" भिंगरी ओरडायला लागली. चिक् चिक् चिक्!

काकूनं ऐकलं. आता काकूचं पोट भरलं होतं. डोकंही चालायला लागलं होतं. तिनं खारीकडे बघितलं. मग बांधाकडे बघितलं.

"अगं बाई! रानाचा वाटा! यासीन, थांब रे! गाडी बंद कर!"

"काकू, आत्ता कुठं चालू झाली! बाजार गाठायचाय."

"गाठ की! पिकतं तिथं विकत नाही, म्हणून तर धाडायचं. पण पिकतं तिथं खायला नको का कुणी?"

यासीन हसला. त्यानं किल्ली फिरवली. टेम्पो गप्प. मग त्यानं सुतळी सोडली.

"अरेच्चा!" पोतं म्हणालं. "मी तर इथंच उघडलं!"

काकूनं मूठ भरली. बांधापर्यंत चालत गेली आणि मूठ तिथं ठेवली. ना डिझेल लागलं, ना छकडा.

पोतं पुन्हा शिवलं. टेम्पो निघाला. घर्र घर्र घर्र! आणि भिंगरी शेंग घेऊन चिंचेवर चढली. सुर्र सुर्र!

पिल्लानं नवा दात लावला. कुडुम!

"आई, गोड आहे गं!" पिल्लू म्हणालं. मग त्यानं खाली बघितलं. टेम्पो लांब लांब चालला होता. "आई, बाकीच्या शेंगा कुठे चालल्या?"

"लांब, बाजारात."

"एवढ्या लांब? का?"

भिंगरीनं पिल्लाला कुशीत घेतलं. "तिथंही कुणाचं तरी पिल्लू असेल. त्यालाही कालच दात आला असेल."

पिल्लू विचारात पडलं. मग म्हणालं, कुडुम!

शेंग पोटात, टरफल मातीत, आणि गोष्ट? ती तुमच्या मुठीत!