न सुटणारी गोफण

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता पाखरांनाच आठवत असेल. सारं गाव मिळून जोंधळा पेरायचं आणि शिवाराच्या मधोमध एकच मचाण असायचं. दाणा भरू लागला की राखणदार त्यावर चढे. दिवस मावळेपर्यंत त्याने उतरायचं नाही आणि दुसऱ्याने वर पाय ठेवायचा नाही, असा रिवाज. मचाणावर दोघं बसली की पिकाला दृष्ट लागते म्हणे.

राखणदाराचं हत्यार म्हणजे गोफण. मधे दगडापुरती झोळी, दोन बाजूंना दोन दोऱ्या. एक बोटात अडकवायची, दुसरी चिमटीत धरायची, डोक्यावरून गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी चिमूट उघडायची. सगळी करामत त्या उघडण्यात.

त्या काळी पाखरं बोलत. भोरड्यांचे थवे कणसांवर उतरत आणि म्हणत, ‘राखणदारा, तुझ्याने काही होत नाही. तू नसतास तरी चाललं असतं.’ हे त्या प्रत्येक राखणदाराला म्हणत आल्या होत्या. आमचा राखणदार नुसता हसे, ‘होऽ हो’ करून दगड सोडे, आणि भोरड्यांबरोबर त्यांचं बोलणंही उडून जाई.

एका वर्षी मात्र काय झालं कुणास ठाऊक. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. त्याने गोफण फिरवली आणि चिमूट उघडेना. दगड डोक्याभोवती फिरत राहिला, फिरतच राहिला. खांदा भरून आला, तरी सुटेना. भोरड्या निवांत दाणे टिपत होत्या आणि बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्याची झोप उडाली, भाकरी घशाखाली उतरेना. पडल्या पडल्याही त्याचं मनगट फिरत राही.

गाव बांधावर जमलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

“अरे, सोड की. एवढं काय अवघड आहे?” एकजण म्हणाला.

“नदीतले गुळगुळीत गोटे द्या त्याला,” दुसरा म्हणाला.

पाटील म्हणाले, “आमचं वर्षाचं अन्न तुझ्या हातात आहे. जरा मन घट्ट कर.”

त्याने मन घट्ट केलं. चिमूट त्याहून घट्ट झाली.

पूर्वी भोरडीचं बोलणं क्षणभर टिकायचं. आता ते दिवसभर समोर बसून राही, आणि संध्याकाळपर्यंत त्याला ते स्वतःच्याच आवाजात ऐकू येई. अर्धं शिवार खाऊन झालं तेव्हा त्या आवाजाने सांगितलं, ‘तू निघून गेलास तर गावाची सुटका होईल.’ त्याला ते पटलं. फार वाईट वाटतं सांगायला, पण पटलं.

भर दुपारी तो गाठोडं घेऊन मचाणावरून उतरला. खाली गोफणी विणणारी म्हातारी उभी होती. गोफणीतच खोट आहे, अशी कुरबुर तिच्या कानावर आली होती.

“कुठं निघालास?”

“आजी, मी नसलेलाच बरा. गावाचं भलं होईल.”

“हे तू म्हणतोस, का भोरड्या?”

त्याने वळून भोरड्यांकडे पाहिलं.

“बरं, एकदा फिरवून दाखव.”

त्याने फिरवली. सगळं गाव आजवर पाखरांकडे बघत आलं होतं. म्हातारी त्याच्या बोटांकडे बघत होती.

“पाखरं दरसालाएवढीच आहेत,” ती म्हणाली. “गोफणही धड आहे, मीच विणलीय. लेकरा, तुझ्या मनाला उदासीचं दुखणं जडलंय. त्यात सोडायचं कळतं, पण सुटत नाही.”

“म्हणजे मी आळशी नाही?”

“आळशी माणसाचा खांदा असा सुजत नाही.”

तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत मचाण चढू लागली. बांधावरून ओरड झाली, “आजी, रिवाज काय आहे?”

“रिवाज भोरड्यांना सांगा. ऐकतात का बघा,” ती म्हणाली, आणि तिने पहिला दगड सोडला.

त्या दिवसापासून सकाळी राखणदार वैद्याकडे जाई, दुपारी म्हातारीशेजारी बसे. ती त्याच्या गोफणीत मातीची छोटी गोळी ठेवी. आठ दिवस एकही गोळी सुटली नाही. नवव्या दिवशी एक सुटली आणि मचाणाच्या पायथ्याशीच पडली. म्हातारीने कौतुक केलं नाही, दुसरी गोळी पुढे केली. ती थकली की गावकरी पाळीपाळीने वर येऊ लागले. पाटीलही आले, आणि त्यांचा नेम फारच वाईट निघाला.

त्या वर्षी प्रत्येक घरात अर्धी भाकरी कमी झाली. पाटलांच्याही. पुढल्या हंगामात राखणदाराची गोफण सुटू लागली. रोज नाही, पण सुटू लागली. भोरड्या अजून येत आणि तेच बोलत. फक्त आता मचाणावर दोघं असत. बोलणं फार चिकटलं की राखणदार शेजारच्याला विचारे, “हे मी म्हणतोय, का त्या?” आणि बांधावरून ‘सोड की’ असं पुन्हा कुणी ओरडलं नाही.

तात्पर्य: वाईट विचार सगळ्यांच्याच मनात उतरतात, पण उदासीच्या आजारात ते हाकलणारा हातच दुखावलेला असतो. अशा माणसाला ‘सोडून दे’ म्हणू नये, त्याच्या मचाणावर जाऊन बसावं.