तळाची आखणी

“आणि वाटाड्याला कुठं झोपवणार?” लतीफशा बाबांनी विचारलं.

हैबतरावाचा हात वाळूवरच थबकला.

बाबा फकीर होते; त्यांच्या तकियाच्या अंगणात तो सकाळपासून तळ मांडत बसला होता. बोटानं ओढलेली लांब रेघ म्हणजे वैनगंगा. पळसाची पानं म्हणजे राहुट्या. माणसांसाठी चिंचोके, घोड्यांसाठी हरभरे. तिन्ही बाजूंनी टोचलेल्या काटक्या म्हणजे रान. गडी बापाच्या पागेत वाढलेला. घोडे कुठं बांधावेत, पाणी कुठून भरावं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आपल्याला कुणी शिकवायला नको, हे तर त्याला त्याहून पक्कं ठाऊक होतं.

तरी आखणी दाखवायला आला होता. बाबा बरोबर असल्याशिवाय आईसाहेब रिकिबीत पाय ठेवायला तयार नव्हत्या, आणि आखणी बघितल्याशिवाय बाबा यायला तयार नव्हते.

गेल्या साली त्याचा थोरला भाऊ माणाजी शिकारीसाठी याच काठावर मुक्कामाला गेला. परत आला तो वाटाड्या, लच्चू मडावी. माणाजीच्या घोडीचा लगाम धरून पायी पायी आला. वाघानं नेलं, एवढंच म्हणाला. आईसाहेबांना वर्षश्राद्धाआधी ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती. आणि त्या रानात नदी कुठं उतरून जाता येते, हे लच्चूखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

“लच्चू इथं.” हैबतरावानं एक चिंचोका पार कडेला, काटक्यांना लागून ठेवला. “सगळ्यांच्या बाहेर. आईसाहेबांच्या राहुटीपासून होईल तितका लांब.”

“तुझा त्याच्यावर भरवसा नाही.”

“तुमचा आहे?”

बाबांनी वाळूवरचा एक हरभरा उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला.

“बाबा, खाल्लात ती माझी घोडी होती.”

“बरी होती. जरा कडक निघाली.”

हैबतरावाला हसू आलं नाही. त्याची नजर कट्ट्यावर गेली होती. तिथं पानांच्या द्रोणात मूठभर चारोळ्या होत्या.

“या कुणी आणल्या?”

“लच्चूनं. काल येऊन गेला.”

म्हणजे हा इथंही पोचला! आपल्या आधी! कशाला आला असेल? काय कानात सांगून गेला असेल? हैबतरावानं बाबांचा चेहरा निरखून पाहिला. म्हाताऱ्या माणसाला मुठीत घ्यायला काय लागतं, मूठभर चारोळ्या आणि दोन गोड शब्द...

“काय म्हणत होता?”

“गुडघा दुखतो म्हणत होता.”

“बस?”

“माझापण दुखतो, म्हणालो.”

 हैबतरावाचा यावर काडीचा विश्वास बसला नाही.

“पहारा सांग,” बाबा म्हणाले.

हा भाग त्यानं रात्र रात्र जागून जुळवला होता. तो पुढं सरसावला.

“हा शिदोजी. मोतद्दारांवर नजर ठेवील. नवी पोरं आहेत, घोडं सोडून पळतील. हा रखमाजी. आचाऱ्यावर.”

“आचारी तर तुमच्या घरात म्हातारा झाला.”

“म्हणूनच. त्याला आमचं सगळं ठाऊक आहे.”

बाबांनी मान डोलावली. “आणि लच्चूवर?”

“हे दोघं. त्याच्या मागं. तलवारी उपसलेल्या. त्याच्या पाठीवरून नजर हलली तर गाठ माझ्याशी आहे, असं बजावलंय. आणि हुकूम देऊन ठेवलाय, रात्री त्या कडेला कुणी उठून उभं राहिलेलं दिसलं, की विचारायचं नाही. कापायचं.”

“कोण आहे हेसुद्धा विचारायचं नाही?”

“अंधारात तोंडं ओळखत बसायला वेळ नसतो, बाबा. माणाजीदादा ओळखत बसले असतील.”

 माणाजीनंच हैबतरावाला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. वर्षभर तो नीट जेवला नव्हता की नीट रडला नव्हता. फक्त लच्चूकडं बघत राहिला होता.

“आणि तू?”

“मी आईसाहेबांच्या राहुटीच्या दाराशी. या चौघांवर लक्ष ठेवून.”

बाबा वाळूवर वाकले.

मग त्यांनी बोट टेकवलं. शिदोजीच्या चिंचोक्यापासून मोतद्दारांपर्यंत एक रेघ ओढली. रखमाजीपासून आचाऱ्यापर्यंत दुसरी. हैबतरावाच्या चिंचोक्यापासून चारही पहारेकऱ्यांपर्यंत. मागच्या दोघांपासून निघालेल्या रेघा लच्चूच्या पाठीशी जाऊन थांबल्या.

“झालं? सगळ्यांच्या नजरा आल्या?”

“आल्या.”

“आणि हा कुणावर नजर ठेवणार?” बाबांचं बोट लच्चूच्या चिंचोक्यावर होतं.

“तो? तो कुणावर ठेवणार? त्याच्यापुढं आहेच काय, नुसती झाडी...”

हैबतराव बोलता बोलता थांबला.

बाबांनी उरलेली रेघ ओढली. लच्चूपासून काटक्यांपर्यंत.

“वाघ कुठून येतो, हैबत?”

“झाडीतून.”

“कुणाला दिसेल?”

हैबतरावानं वाळूवरच्या रेघा पुन्हा एकदा पाहिल्या. एकूण एक माणूस माणसाकडं बघत होता. 

“लच्चूला.”

“मग तो काय करील?”

“ओरडेल...” हैबतराव म्हणाला. आणि मग अगदी हळू, “उठेल.”

 बाहेर बांधलेली त्याची घोडी माश्या उडवत पाय आपटत होती. हैबतरावाला चूक कळली होती, पण मान खाली जायला तयार नव्हती. वर्षभर जपलेला संशय असा एका सकाळीत सुटत नाही.

“आणि वाघ लच्चूच असेल तर?” त्यानं विचारलं. “आईसाहेब बरोबर आहेत, बाबा. त्यांना काही झालं तर?”

“माझा चिंचोका कुठला?”

“हा. मधोमध. तुमची राहुटी आईसाहेबांच्या शेजारी.”

बाबांनी तो चिंचोका उचलला. कडेला नेला. काटक्यांजवळ, लच्चूच्या अगदी शेजारी ठेवला.

लच्चूनं यांना खरंच गुंडाळलंय... हैबतरावाच्या मनात येऊन गेलं. पाठोपाठ त्याला स्वतःचाच हुकूम आठवला.

“तिथं नको, बाबा!”

“का? पहारा चांगला आहे तुझा.”

“तुम्ही तिथं झोपणार असाल तर मी हुकूम मागं घेतो. आत्ताच्या आत्ता माणसांना सांगतो.”

“छे, छे. हुकूम आहे तसाच राहू दे.” बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “फक्त एक ध्यानात ठेव, म्हातारा माणूस आहे मी. रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं.”