छातीएवढं चाक

ह्या गोष्टीचा शेवट आत्ताच सांगा बघू. म्हनाल, हट्टी गडी हरला आन शानपन शिकला. तसंच वाटनार तुमाला. चुकलात. आता बसा गप आन ऐका.

लई लई वर्सांमागं, डोंगर अजून तरने व्हते तवा, एक उभा घाट व्हता. खाली समिंदर, वर पठार. पठारावर मीठ पिकत न्हाई, म्हनून खालनं बैलगाड्या मीठ घिऊन वर चढायच्या. दर साली मिठाच्या पयल्या दिवशी जी गाडी सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचंल, तिचा मालक वरीसभर घाटाचा म्होरक्या. त्यानं पुढं चालायचं, बाकीच्यांनी त्याची धूळ खायची.

गोंदा गाडीवान सलग तीन सालं दुसरा आला व्हता. तिसरा आला असता तर गप बसला असता. दुसऱ्याला बसवत न्हाई.

त्याची चाकं कमरेएवढी. बापाची बी तेवढीच व्हती. घाटात समद्यांचीच तेवढी. कुनाला त्यात कायबी वाटत नव्हतं. मग पायथ्याला चाकवाला आला.

चाकवाल्यानं पदरी एक डफवाला ठिवला. त्यो गाडीतळावर वरडत हिंडायचा, "छातीएवढं चाक घ्या. दगडावरनं तरंगत जातंय. कमरेएवढ्यावर आता फकस्त म्हातारी मानसं बसत्यात."

झालं. गाडीवानांत दोन तट पडले. छातीवाले म्हनायचे, "मोठं चाक खड्ड्याला मोजत न्हाई." कमरवाले म्हनायचे, "वळनावर फिरवून दाव, मग बोल." एका पंगतीला बसंनात. सख्ख्या मेव्हन्याला लोकं चाक बघून राम राम घालाय लागली. चाकवाला मधी बसून दोन्हीकडची भाकरी खायचा आन म्हनायचा, "दोघांचं बी खरं हाय."

गोंदा कमरवाला. एक दिवस त्याच्या चाकावरची लोखंडी धाव तडकली. गेला चाकवाल्याकडं.

"धाव बशीव."

"कमरेएवढी धाव बंद केली, गोंदाभाऊ."

"का रं? घाटातली समदी चाकं मेली का?"

"मेली न्हाईत. पन आता कोन इचारतंय त्यांना?"

"मी इचारतोय की."

"तू एकटाच. दुभती म्हस दे आन छातीएवढी जोडी घिऊन जा. औंदा पयला येशील बघ."

पयला म्हनल्यावर गोंदाचं कान उभं ऱ्हायलं. म्हस गेली, चाकं आली. त्याची बायको यसू चाकांभवती एक फेरी मारून म्हनाली, "लई देखनी हायत. आता ह्यांचीच धार काढा सकाळी."

गोंदाचे बैल दोन, पन खरं बळ पोवळ्याचं. तांबडा, थोराड, मनानं गरीब. चाकं मोठी झाली तशी गाडी मागनं वर उचलली, दांडी पुढं उतरती झाली, आन समदं ओझं घसरून बैलांच्या मानेवर आलं. त्या काळी जनावरं बोलायची, पन गरज असंल तवाच.

"मालक," पोवळ्या म्हनाला, "चाक तुमच्या छातीएवढं घेतलं. माझ्या मानेचं माप कुनी घेतलं?"

"सवय हुईल रं."

"मला का मानेला?"

गोंदानं पेंड पुढं सारली आन दुसऱ्याच इषयावर गेला.

महिन्याभरात डफ परत वाजला. "छातीएवढं मागं पडलं. आता बेंबीच्या वर चार बोटं. मोठ्यावानी पळतंय, बारक्यावानी वळतंय." सकाळचे निम्मे छातीवाले दुपारपातूर बेंबीवाले झाले, आन गोंदाला बघून दात काढाय लागले.

यसू म्हनाली, "पोवळ्याची मान सुजलीया. जुनी चाकं गोठ्यात पडल्यात. पल्याडच्या गावच्या लोहाराकडनं पट्टी मारून आना."

गोंदाला मान दिसत व्हती. पन तळावरचे दात जास्ती दिसत व्हते.

"म्हस दिलीया म्या," त्यो म्हनाला. "ह्याच चाकावर पयला येनार. मग हसा म्हनावं."

"म्हस गेलीच. आता तिच्या मागनं बैल धाडताय व्हय?"

"हळद लाव मानेला आन गप ऱ्हा."

यसूनं हळद लावली. गप काय ऱ्हायली न्हाई.

मिठाचा पयला दिवस उजाडला. गाड्या सुटल्या. पयल्या वळनाला गोंदा पाचवा, दुसऱ्याला तिसरा. तिसऱ्या वळनाला पोवळ्याच्या मानेची कातडी फाटली. गोंदा खाली उतरला, मागं जाऊन गाडीला खांदा लावला.

"थांबू का रं?" त्यानं इचारलं.

"आता इचारताय," पोवळ्या म्हनाला. "ह्या चढावर थांबलो तर गाडी मागं येनार. मागं तुमी हाय. लावा जोर."

आन त्यानं मान खाली घालून वढलं. दगड आला, वढलं. वळन आलं, वढलं. बेंबीवाले मागं पडले, कमरवाले मागं पडले. माथा आला तवा पुढं कोनच नव्हतं.

गोंदा पयला आला.

चाकवाला हार घिऊन वरच उभा व्हता. हार त्यानं चाकाला घातला. डफवाला सुटला, "छातीएवढ्यावर गोंदा पयला." सांजपातूर बेंबीवाले परत छातीएवढ्यासाठी रांगेत उभे. कुनी बैलाकडं बघितलं न्हाई. जू उतरवलं तवा त्याच्याखालची मान बघितली एकट्या गोंदानं.

मानेची जखम भरली, पन त्या मानेवर जू परत कधी बसलं न्हाई. जोडीतला दुसरा बैल एकटा काय वढनार? ते वरीसभर घाटाचा म्होरक्या समद्या गाड्यांच्या पुढं चालला, पायी, डोक्यावर मिठाची पाटी घिऊन.

बोध एवढाच: चाक घेताना इकनाऱ्याला इचारू नगा, ज्याच्या मानेवर ओझं पडनार त्याला इचारा.