तांब्यातले खडे

एका ओढ्याकाठच्या गावात लहानू नावाचा एक उतावळा माणूस राहत होता. फार पूर्वी, राजेरजवाड्यांच्या काळात, त्या ओढ्याच्या गोट्यांत हिरे सापडत. वाडवडिलांनी ओढा उपसून गोट्यांचे ढीग काठावर लावून ठेवले होते. गावकरी आता तेच ढीग पाटी-पाटीने पुन्हा धुवायचे आणि एखादा चुकलामाकला हिरा मिळतो का ते पाहायचे.

लहानू दिवसभर गुडघाभर पाण्यात उभा राही. चाळणीत पाणी खेळवलं की गारगोट्या अशा लखलखत, की त्याचं भानच हरपे. मूठ आवळून तो घराकडे धूम ठोकी. "कौतिके, सापडला गं!" घरी जाऊन मूठ उघडावी, तर खडा वाळून राखेच्या रंगाचा झालेला. शेजारीपाजारी पोट धरून हसत.

त्याची बायको कौतिका मात्र आपले खडे सुपात पसरून उन्हात ठेवी आणि दुसऱ्या कामाला लागे. पुरते वाळले की एकेक निरखी.

"वाळू द्या की जरा," ती म्हणे. "खडा काय पळून चाललाय?"

एका वर्षी कुणालाच हिरा मिळाला नाही आणि गावातली निम्मी घरं उठून गेली. कौतिकेच्या भावाचा निरोप आला, "अक्षय्यतृतीयेला गाडी पाठवतो. इकडं वीटभट्टीवर या." हा ओढा सोडून जाणं लहानूला सोसणार नव्हतं. कौतिकेनं त्या दिवशी अंगणातल्या शेवग्याला दोनदा पाणी घातलं.

लहानूनं डोकं लढवलं. खडे वाळतात म्हणून फसतात ना? मग वाळूच द्यायचे नाहीत! त्यानं सगळ्यांत झगमगते चाळीस खडे तालुक्याच्या जवाहिऱ्यांना दाखवायला पाणी भरलेल्या तांब्यात टाकले आणि वर पळसाचं पान ठेवलं. वाऱ्यानं पान उडू लागलं, तेव्हा कौतिकेनं सुपातला एक मळकट खडा त्यावर ठेवला. दिसायला तो अगदी तुरटीचा तुकडा.

"हाही दाखवा शेटजींना. तीनदा भिजवला, तीनदा वाळवला. ओला काय नि कोरडा काय, सारखाच दिसतोय."

लहानूला त्या खड्याची लाजच वाटली. पण पान उडेल म्हणून त्यानं तो राहू दिला.

चार कोस तांब्या छातीशी धरून तो तालुक्याला केवलशेट जवाहिऱ्यांकडे पोचला.

"हे काय, तीर्थ आणलंत?" शेटजींनी विचारलं.

"खडे आहेत, शेटजी. पाण्यातच बघा."

शेटजी हसले. त्यांनी वरचा खडा आणि पान बाजूला ठेवलं, पाणी ओतून दिलं आणि खडे कोरड्या कापडावर पसरले. "बसा, गूळपाणी घ्या."

गूळपाणी होईपर्यंत चाळीसच्या चाळीस खडे निस्तेज झाले. लहानूचे डोळे भरून आले. आता गाव सुटणार, हे त्याला दिसत होतं. खडे गोळा करता करता त्यानं तो मळकट खडाही उचलला.

"थांबा," शेटजी म्हणाले. त्यांनी तो खडा घासूनपुसून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. अळूच्या पानावर राहावा तसा थेंब गोल उभा राहिला. शेटजींनी खडा उन्हात फिरवून फिरवून पाहिला. "हिरा आहे हा. कोणी निवडला?"

'मी' हा शब्द लहानूच्या अगदी ओठांवर आला. एकदा तरी गावानं आपल्याला हसू नये, असं त्याला फार वाटत होतं. पण त्याला उन्हातलं ते सूप आठवलं.

"माझ्या बायकोनं," तो म्हणाला. "मी तर तो झाकणावर वजन म्हणून आणला."

"मग उद्या त्यांनाच घेऊन या. भाव मी त्यांच्याशीच ठरवीन."

अक्षय्यतृतीयेला गाडी आली आणि शेवग्याच्या शेंगा भरून परत गेली. लहानूच्या अंगणात आता शेजारी शेजारी दोन सुपं असतात. त्याचा उतावळेपणा काही गेला नाही. दर घटकेला तो विचारतो, "वाळले का गं?" आणि कौतिका म्हणते, "अजून नाही."

तात्पर्य: पाण्यात सगळेच खडे चमकतात, खऱ्याची पारख करायला धीर लागतो, आणि ती पारख दुसऱ्याची असेल तर तसं सांगायला मोठं मन लागतं.